दंडातला उंदीर

प्रिय मध्यस्थ,

मी स्वेटरची बाही कोपराच्या वर चढवली, हात वाकवला, मूठ आवळली आणि म्हणाले, "बघा." वर्गभर मुलं पुढे झुकली. काहीच दिसलं नाही. माझ्या दंडात बघण्यासारखं काही उरलेलं नाही हे मला ठाऊक होतं, पण ते इतक्या जणांसमोर सिद्ध व्हायची ही पहिलीच वेळ. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, काय बघायचंय पण?" मी म्हणाले, "उंदीर." दाराशी धाकटे मालक उभे होते, त्यांनी जाहिरातवाल्याकडे पाहिलं. जाहिरातवाल्याने माझ्याकडे पाहिलं, आजारी माणसाकडे पाहावं तसं. त्या क्षणी आपलं टेबल जवळजवळ गेलंच होतं, आणि त्याच्यामागून मी.

आता नीट सांगते. तुम्ही नेहमी म्हणायचात, मी गोष्ट सांगायला बसले की आधी शेवट सांगून टाकते आणि मग त्याची प्रमाणं देत बसते. म्हणून या खेपेला शेवट शेवटीच येईल. एवढंच सांगून ठेवते की काल दिवसभर माझा घसा बसलेला होता, आणि ताईने दोनदा विचारलं, एकटीच का हसतेस. आज रविवार आहे. दुपारचं जेवण झालंय, ताई आडवी झालीय, आणि मी खिडकीपाशी बसून लिहितेय.

तुमची खुर्ची रिकामी झाली त्याला आता दोन वर्षं होतील. गोष्टी गोळा करायला पगारी माणूस कशाला, गोष्टी सगळीकडे पडलेल्या असतात, असं धाकटे मालक तुमच्या तोंडावर म्हणाले होते. त्यात ते चुकले नव्हते. गोष्टी खरोखरच सगळीकडे पडलेल्या असतात. आपल्या प्रकाशनाच्या शालेय इंग्रजी-मराठी कोशाची नवी आवृत्ती निघायची आहे, आणि तिच्यात दर पानावर एक चौकट आहे, 'हा शब्द आला कुठून?' त्या चौकटींसाठी जाहिरातवाल्याने बघता बघता ढीगभर गोष्टी जमवल्या. एकेक अशी देखणी की दृष्ट काढावी. न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ यांची पहिली अक्षरं, कारण बातमी चारी दिशांनी येते. सिन्सिअर म्हणजे 'मेणाशिवाय', कारण लबाड मूर्तिकार संगमरवराच्या भेगा मेणाने बुजवायचे आणि प्रामाणिक मूर्तिकार तशाच ठेवायचे. पॉश म्हणजे 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम', बोटीवरच्या सावलीतल्या खोल्या, जाताना डावीकडची, येताना उजवीकडची. एकाही गोष्टीला बूड नाही. मी वाचत गेले आणि परत पाठवत गेले. शेवटी उरलं ते एका पाकिटात मावलं.

तेव्हा धाकटे मालक स्वतः तिसऱ्या मजल्यावर आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आपल्या खोलीत त्यांना कुठे उभं राहावं ते कळेना. मग त्यांनी विचारलं, "बाई, हे टेबल नक्की कशासाठी आहे?" मी सांगितलं. तुमच्या वडिलांनी पाडलेली रीत आहे. शब्दाची जन्मकथा म्हणजे सांगून आलेलं स्थळ. टेबलाच्या एका बाजूला मध्यस्थ बसतो. तो म्हणतो, मुलगी सुंदर आहे, घराणं उत्तम आहे, असं स्थळ पुन्हा यायचं नाही. समोर नणंद बसते. ती विचारते, घराणं म्हणजे कुठलं? कुणी पाहिलंय? याआधी कुठे होती? नाव बदललंय का? दोघांचं पटलं तर मुलगी घरात येते, म्हणजे छापली जाते. मी नणंद. त्यांनी विचारलं, "आणि मध्यस्थ?" मी म्हणाले, "ते तुम्हीच काढलेत." ते हसले. माणूस वाईट नाही हो. तुमच्याच खुर्चीवर बसले, टेबलावर हात पसरले आणि म्हणाले, "बाई, स्पष्ट बोलतो. मुलांना मजा हवी. खरं-खोटं कोण बघतंय? तुम्ही सगळी मजा परत पाठवता. आवृत्ती छापायला जायच्या आधी हे टेबल मी काढतो. तुम्ही खाली बसून मुद्रितं तपासा."

अशा वेळी काय करायचं ते मला येतं. मान डोलवायची, चष्मा पुसायचा, हो म्हणायचं. त्याऐवजी तोंडून निघून गेलं, "मुलांना विचारा." नव्या आवृत्तीची काही पानं आपण समोरच्या शाळेत नेऊन एका वर्गाला वाचून दाखवतो, ही तरी जुनीच पद्धत. मी म्हणाले, तुमची मजा आणि माझं खरं, दोन्ही नेऊ. मुलांना जे परत ऐकावंसं वाटेल ते छापा. मुलांनी तुमचं मागितलं तर टेबल मी स्वतः उचलून खाली आणीन. ते म्हणाले, "आणि तुमच्या गोष्टी सांगणार कोण?" मी म्हणाले, "मी." त्यांच्या भुवया वर गेल्या, आणि बराच वेळ खाली आल्या नाहीत.

घरी येऊन ताईला सांगितलं. तिला तुम्ही एकदाच भेटलात, आमच्या जिन्यात, छत्री द्यायला आलात तेव्हा, पण ती तुम्हाला घरचं माणूस समजते. ती पीठ मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "तू गोष्ट सांगणार? लहानपणी तुला राक्षसाची गोष्ट सांगितली, तर विचारलंस, राक्षसाचं वजन किती." मग म्हणाली, सांग बघू. मी विंडोची गोष्ट सांगितली. सांगून झाल्यावर ती वाट बघत राहिली. म्हणाली, "झाली?" मी म्हणाले, झाली. ती म्हणाली, "मला वाटलं अजून सुरू व्हायची आहे." त्या रागात मी तिला म्हणाले, लेडी म्हणजे पूर्वी पीठ मळणारी, हे तरी ठाऊक आहे का तुला? पावाचं पीठ मळणारी घरधनीण, आणि लॉर्ड म्हणजे त्या पावाची राखण करणारा. ताईचे हात थांबले. तिने परातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे मी लेडी?" मी म्हणाले, तूच. "आणि तू आयतं खाणारी कोण?" पण तिचे हात थांबले होते हे मी लक्षात ठेवलं.

तुम्ही विंडोची गोष्ट कशी सांगितली होती, ते मी आठवत बसले. वीज गेली होती. पंखा बंद. तुम्ही काही न बोलता उठलात आणि खिडकी सताड उघडलीत. वारा आत आला, टेबलावरचे सगळे कागद उडाले, आणि तुम्ही एकही पकडला नाहीत. नुसते म्हणालात, "हा बघा, डोकावतोय." मग सांगितलंत, उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांच्या भाषेतून आलेला शब्द, विंडो म्हणजे वाऱ्याचा डोळा. मी विचारलं, डोळ्यातून वारा आत बघतो की माणूस बाहेर? कुठे लिहिलंय? तुम्ही म्हणालात, "नणंदबाई, आपल्याकडे गवाक्ष म्हणतात. गाईचा डोळा. त्यातून गाय आत बघते का?" मग आपण कागद गोळा करायला टेबलाखाली शिरलो, आणि तिथेच नारिंगावरून भांडलो. नारिंगाचा ऑरेंज होताना पुढचा 'न' नेमका कुठे गळाला, इटलीत की फ्रान्सात. वीज आली तरी आपण खालीच होतो. शिपाई दारातून डोकावून गेला आणि नंतर आठवडाभर माझ्याकडे बघून खाकरत होता.

हे आठवताना माझ्या लक्षात आलं, की तुमची युक्ती आवाजात नव्हती. मी इतकी वर्षं समजत होते की देवाने तुम्हाला गळा दिलाय आणि मला नाही. तसं नव्हतं. तुम्ही आधी गोष्ट घडवायचात आणि मग सांगायचात. वारा आधी, वाऱ्याचा डोळा नंतर. ताईच्या हातात पीठ आधी होतं.

ताईचं एक सांगायचं राहिलं. तुमच्या गेल्या पत्रात एप्रनची गोष्ट होती, मूळचा नॅप्रन, आणि लोक 'अ नॅप्रन' भराभर म्हणू लागले तसा त्याचा 'न' शेजारच्या घरात राहायला गेला. तुम्ही पुढे लिहिलं होतंत की निकनेमचं उलटं झालं, त्याच्याकडे 'न' शेजारून आला आणि परत गेलाच नाही, कारण काहींना शेजार मानवतो. मी उत्तरात तुम्हाला शतक दुरुस्त करून पाठवलं. ताईने दोन्ही पत्रं वाचली, मी लपवत नाही. ती म्हणाली, "तो तुला शेजाराबद्दल लिहितो आणि तू त्याला सनावळी पाठवतेस. छान चाललंय तुमचं. असंच चालू द्या, जगबुडीपर्यंत."

तर शुक्रवारी शाळेत गेलो. बारा-तेरा वर्षांची मुलं, उंच खिडक्या, खडूचा वास, फळ्याच्या कोपऱ्यात आदल्या तासाचं अर्धवट पुसलेलं गणित. पहिली पाळी जाहिरातवाल्याची. गडी बोलतो छान. पडदा लावला, दिवे मंद केले, पडद्यावर होकायंत्र फिरू लागलं आणि चारी टोकांची अक्षरं उडत येऊन न्यूज हा शब्द जुळला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मलाही वाजवाव्याशा वाटल्या. मेणाच्या गोष्टीत तर त्याने मूर्तीचं नाक उन्हात वितळताना दाखवलं आणि वर्ग खदखदला. धाकट्या मालकांनी दारातून माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात कीव होती, आणि कीव मला सोसत नाही.

मग मुलांचे प्रश्न. एकाने विचारलं, "सर, होकायंत्र नव्हतं तेव्हा बातमीला काय म्हणायचे?" जाहिरातवाला म्हणाला, "छान प्रश्न!" आणि पुढचं चित्र लावलं. एकीने विचारलं, "नाक वितळल्यावर त्या मूर्तिकाराला कुणी पकडलं?" तो म्हणाला, गिऱ्हाइकाने. "मग?" "मग काही नाही. एवढंच." दर गोष्टीच्या शेवटी तो 'एवढंच' म्हणत होता. मी ते ऐकलं, पण त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही, कारण मी मनात माझं पहिलं वाक्य घोकत होते.

माझी पाळी आली आणि मी सगळं विसरले. तुम्ही, ताई, पीठ, वारा, सगळं. सवयीने प्रमाणापासून सुरुवात केली. नाईस हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला, त्याचा मूळ अर्थ अडाणी, पहिला उल्लेख अमुक ग्रंथात. तिसऱ्या वाक्याला पहिल्या बाकावरच्या दोघींनी एकदमच जांभई दिली, सख्ख्या बहिणींसारखी. धाकट्या मालकांनी घड्याळ पाहिलं. मी वाक्य अर्धवट सोडलं आणि बाही वर चढवली. पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे, उंदीर म्हणाले तिथपर्यंत.

मी माझ्या दंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "माझा म्हातारा झालाय, बिळातून बाहेर येत नाही. तुमचे बघा." एक क्षण काही झालं नाही. मग एकदम सगळ्या वर्गाच्या बाह्या वर गेल्या. "आला! आला!" "अरे, पळाला माझा!" "बाई, ह्याच्यात उंदीर नाहीच, नुसतं बीळ आहे!" ज्याच्यात बीळ होतं तो बाकावर चढून दंड फुगवायला लागला, तोंड लाल होईपर्यंत. वर्गशिक्षिका उठल्या आणि पुन्हा बसल्या. गलबला जरा उतरल्यावर मी सांगितलं, दोन हजार वर्षांपूर्वी लॅटिन बोलणाऱ्या लोकांनी हेच पाहिलं. कातडीखालून काहीतरी तुरुतुरु पळतंय. ते म्हणाले, छोटा उंदीर. त्यांच्या भाषेत मुस्कुलुस. त्याचा झाला मसल. आणि हा उंदीर एकटा नाही. इंग्रजीतला माउस आणि आपला मूषक ही भावंडं आहेत, फार जुन्या एका घरातून बाहेर पडलेली, एक पश्चिमेला गेलं, एक इकडे आलं.

होकायंत्राचा प्रश्न विचारणारा मुलगा पुन्हा उठला. "मग न्यूजला आहेत का भावंडं?" मी म्हणाले, आहेत की. न्यू आणि आपला नवा, ही भावंडंच. न्यूज म्हणजे नव्या गोष्टी, होकायंत्र मागाहून कुणीतरी चिकटवलं. तो जाहिरातवाल्याकडे वळला. जाहिरातवाला पडद्याची वायर गुंडाळत होता, थांबून म्हणाला, "मला काय माहीत? मला तसंच मिळालं होतं." मुलं हसली, तोही हसला. आणि तिथे, मध्यस्थ, त्याच्या त्या 'एवढंच'चा अर्थ मला लागला. खोट्या गोष्टीला शेवट असतो, पण नातेवाईक नसतात. आपण टेबलाशी बसून हेच तर विचारत होतो, कुठली, कुणाची, सोबत कोण आहे. मला वाटायचं ही माझी खोड आहे. खोड नव्हती. मुलंही तेच विचारत होती.

माझी अडचण खरी पुढेच झाली. खिडकीजवळ एक मुलगी बसली होती. पहिल्यापासून माझ्याकडे डोळे बारीक करून बघत होती, एकदाही हसली नव्हती. मी ओळखलं, ही आपल्यातली. ती उठली आणि म्हणाली, "पण बाई, आम्ही याला बेडकुळी म्हणतो. मामा म्हणतो, दाखव तुझी बेडकुळी. मग आमच्या दंडात उंदीर आहे की बेडूक?"

मी खुर्चीची पाठ धरली. बेडकुळी हा शब्द मी रांगत असल्यापासून ऐकतेय. आमच्या काकांनी हातावर बेडकुळी काढून आम्हा सगळ्या भावंडांना हसवलंय. परक्या भाषेतल्या उंदरासाठी मी तुम्हाला प्रमाण मागत आठवडाभर रखडवलं, आणि घरातला बेडूक इतकी वर्षं कोपऱ्यात बसून माझ्याकडे बघत होता. वर्ग माझ्याकडे बघत होता. हो म्हणून टाकलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या, टेबल वाचलं असतं. मी म्हणाले, "बेडूकच वाटतो. पण पाहिल्याशिवाय सांगणार नाही." वर्गातून हवा गेली. धाकट्या मालकांनी डोळे मिटून घेतले. मुलगी म्हणाली, "म्हणजे तुम्हाला माहीत नाही?" मी म्हणाले, "नाही." "मग कुणाला माहीत आहे?" "शोधावं लागेल." ती पहिल्यांदाच हसली आणि म्हणाली, "आम्ही शोधू?"

आणि बांध फुटला. बाई, पोटरी कुठून आली? बाई, कोपर? बाई, टाळू? बाई, करंगळी? अंगाचा एकेक भाग वर करून दाखवत होते. एकाने बूट काढला. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "अरे बाईंना श्वास घेऊ द्या," आणि मग त्यांनीच विचारलं, "पण खरंच, करंगळी म्हणजे काय हो?" मला एकाचंही उत्तर द्यायची उसंत मिळेना. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "डोळ्यातली बाहुली!" मी हात वर केला. म्हणाले, हे मला माहीत आहे. शेजारच्याकडे तोंड करा. अगदी जवळ. त्याच्या डोळ्यातल्या काळ्या ठिपक्यात बघा. कोण दिसतं?

सगळे वळले. इतका वेळ छप्पर उडवणारा वर्ग एकदम शांत झाला. जोडीजोडीने बसलेली मुलं एकमेकांच्या डोळ्यात बघत होती. कुणीतरी हळूच म्हणालं, "मी आहे. एवढुसा." मी सांगितलं, लॅटिनमध्ये तिला प्युपिला, छोटी बाहुली म्हणायचे, त्याचा इंग्रजीत झाला प्युपिल. आपणही बाहुलीच म्हणतो. इथे उंदीर-बेडूक भांडण नाही. दोन लांबची माणसं, एकमेकांना कधी न भेटलेली, आपापल्या घरात कुणाच्या तरी डोळ्यात डोकावली, आणि दोघांना तेच दिसलं. वर्गशिक्षिका पहिल्या बाकावरच्या जांभईवालीच्या डोळ्यात बघत होत्या. दारात धाकटे मालक आणि जाहिरातवाला एकमेकांकडे बघायचं टाळत उभे होते. मी फळ्यापाशी होते. माझ्यासमोर कुणी नव्हतं.

घंटा झाली तेव्हा कौल घ्यायचा राहिला होता. वर्गशिक्षिकांनी विचारलं, कुणाच्या गोष्टी परत ऐकायला आवडतील, हात वर करा. एकही हात वर झाला नाही. मी मनाशी टेबल उचलायला घेतलं. खिडकीजवळची मुलगी म्हणाली, "परत त्याच कशाला? बाईंच्या पुढच्या सांगा." आणि हात वर गेले. काहींनी दोन्ही वर केले. बूट काढलेल्याने बूट वर केला.

बाहेर व्हरांड्यात धाकटे मालक माझ्यापुढे चालत होते. वळणापाशी मला दिसलं, डाव्या हाताने ते कोटावरून स्वतःचा उजवा दंड चाचपत होते. मी खाकरले. ते म्हणाले, "बघत होतो, आहे का." मी म्हणाले, "आहे?" ते म्हणाले, "होता पूर्वी." मग जिना उतरताना म्हणाले, "टेबल राहील. तुम्ही घरात घेतल्याशिवाय एकही चौकट छापायची नाही, हे आज मी लिहून देतो." जाहिरातवाला मागून आला आणि म्हणाला, "बाई, शनिवारी जरा वेळ बसू का तुमच्यासमोर? नुसतं बघायला." काल आला होता. दोन गोष्टी आणल्या होत्या, दोन्ही परत पाठवल्या. तिसरीची चौकशी चालू आहे.

बेडूकही काल सापडला. पुठ्ठा फाटलेला आपला जुना कोश काढला. बेडकुळी, लहान बेडूक. आणि त्याच शब्दाखाली, दंडाच्या स्नायूचा फुगवटा. मी मोठ्याने हसले, रिकाम्या खोलीत. शाळेत निरोप पाठवलाय. कोशात मसलच्या चौकटीत आता उंदीर आणि बेडूक शेजारी शेजारी बसतील, आणि खाली त्या मुलीचा वर्ग छापला जाईल.

आता हे पत्र कशासाठी, ते. धाकट्या मालकांनी जिन्यातच विचारलं होतं, दुसऱ्या खुर्चीचं काय करायचं. म्हणाले, मी काढलं, मीच बोलावतो, रीतसर पत्र जाईल. तर ते येईल. खुर्ची हवी असेल तर घ्या, भावाच्या घरी राहून करता त्या शिकवण्या सोडवत नसतील तर घेऊ नका. मी त्यासाठी लिहीत नाही. इंग्रजीत एके काळी 'दाऊ' होता, आपला तू. मग लोक इतके अदबीने वागू लागले की तो हळूहळू मागे पडला, आणि आता आईलाही यू, मालकालाही यू. आपल्याकडे दोन्ही शाबूत असताना आपण दोघं इतकी वर्षं अदबीतच काढली. शुक्रवारी मी एवढ्या लोकांसमोर उंदीर म्हणू शकले, तर हेही म्हणू शकते. तू इथे ये. ऑफिसात नव्हे, घरी. राहायला. आमची मागची खोली रिकामी आहे, सकाळचं ऊन थेट आत येतं, आणि एक अख्खी भिंत मोकळी आहे. मला तू हवा आहेस. लग्न म्हण, आणखी काही म्हण, नाव काय द्यायचं ते आपण बसून ठरवू, आणि मी हुज्जत घालीनच. ताईला जेवताना सांगितलं. ती म्हणाली, "मध्यस्थाचं लक्ष कुठे होतं ते मला जिन्यात छत्री घेतली तेव्हाच कळलं होतं. दोघांना अक्कल यायला एक बेडूक लागला." मग म्हणाली, त्याला लिही, येताना उशी आणू नको, आपल्याकडे आहेत.

या घडीपासून
तुझीच

ता. क. सोमवार सकाळ. पोस्टाच्या काउंटरपाशी उभी राहून लिहितेय. पलीकडच्या बाईंनी विचारलं, साधं की रजिस्टर. रजिस्टर म्हणाले. मागे रांग आहे. आता पाकीट चिकटवते.